शेलार मास्तरांची दोन बोटं

शेलार मास्तर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले, तर "बाई, डोक्यातली पिन द्या बरं जरा."

मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते, कडेवर दहा महिन्यांची पिंकी, आणि कशाला आले तेसुद्धा अजून तोंडातून निघालं नव्हतं. मी उमरोळीची, लग्न होऊन बोईसरला आलेली, अनोळखी पुरुषाने केसातली पिन मागितली तर काय करायचं असतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एक पायरी खाली उतरले, पळणारच होते, तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला आणि माझे पाय तिथेच थांबले. त्या हाताला अंगठा होता, करंगळी होती, आणि मधे काही नव्हतं.

"ह्या उंदराच्या पोटात केर अडकलाय," ते म्हणाले. उजव्या हातात कॉम्प्युटरचा माऊस उलटा धरलेला. "बाण जागचा हलंना झालाय. रोज सकाळी आमच्या मंडळींची पिन घेऊन साफ करतो, आज ती पिनेसकट बाजारात गेलीया."

मी पिन दिली. तर म्हणाले, "मला कशाला देता? धरायला बोटं कुठायत? तुमीच काढा की." पिंकीला पायाशी बसवलं, आणि त्यांनी सांगितलं तसं खालचं गोल झाकण फिरवलं. आतून रबराची गोळी माझ्या तळहातावर पडली, बोराएवढी, जड. आत बारीक बारीक चाकं, आणि चाकांना केसांची, धुळीची वळी बसलेली. स्टोला पिन मारतात तसं मी ते खरवडून काढलं. गोळी पदराला पुसून परत घातली. बाण पळायला लागला.

"आता बोला, काय काम काढलं?"

मी म्हटलं, केर काढायला बाई पाहिजे का विचारायला आले होते.

"केर तर काढून झाला," ते म्हणाले. "आता खुर्चीत बस."

म्हणजे असे मास्तर. खरं तर मास्तर कसले, ते फिटर. साताऱ्याकडचे, तरुणपणी इथल्या कंपनीत आलेले, वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली. मग त्या प्रेसनेच तीन बोटं नेली. घरी बसल्यावर त्यांनी एका बंद पडणाऱ्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आणला, स्वतःच उघडला, स्वतःच जोडला, आणि स्टेशनामागच्या गाळ्यात अर्ज, दाखले, याद्या टाईप करून द्यायला लागले. शेजारचा झेरॉक्सवाला येता-जाता टोमणा मारायचा, "काय सात बोटांचे टायपिस्ट, चाललंय का?" मास्तर मान वर न करता म्हणायचे, "दहावाल्यांपेक्षा तीन चुका कमीच व्हत्यात."

घरी मी सांगितलं तेव्हा आमचे जेवता जेवताच पेंगत होते, ते कंपनीत कंत्राटावर, पाळी करून आलेले. सासू मात्र बोलली. "आठवीतनं शाळा सोडलेली बाई इंग्रजी मशीन चालवणार! महिनाभर हौस करून घे. काय बिघडवलंस तर घरी बसायचं, परत नाव काढायचं नाय." मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणायची तेव्हा.

आणि भीती तर अशी, की पहिले चार दिवस मी माऊसला उघडा हात लावला नाय. वायर होती ना त्याला, करंट असणारच; पिन मारली तेव्हा हे डोक्यातच आलं नव्हतं. मी पदर हाताला गुंडाळून धरायची. मास्तर बघायचे, हसायचे नाय. पाचव्या दिवशी पदर आपोआप सुटला. मग दुसरंच. बाण पडद्याच्या कडेला न्यायचा होता आणि टेबल संपलं. मी उठले, पिंकीला बाजूला केलं आणि विचारलं, "मास्तर, टेबल इकडे सरकवू का?" झेरॉक्सवाल्याच्या हातातला चहा हसून हसून सांडला.

मास्तर त्याला म्हणाले, "हसतोस काय? मी पयल्या दिवशी सरकवलं व्हतं." आणि मला म्हणाले, "उचलायचा, मधी ठेवायचा, परत सरकवायचा. कोणतंबी मशीन आधी पोटाकडनं बघायचं पोरी. तोंडाकडनं बघितलं की भ्या वाटतं."

बटणांवर त्यांनी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ती मी शोधत शोधत दाबायची. त्यापेक्षा मला भयंकर वाटायचं ते चुकलेलं दुरुस्त करणं. शब्दावर बाण न्यायचा, दाबून धरून ओढायचं, की शब्द काळा पडतो. आणि काळ्या पडलेल्या शब्दावर चुकून एक जरी बटण दाबलं तर तो शब्द गेला, त्या जागी नवीन अक्षर बसलं. माणसाचं नाव असं एका टिचकीत जातं हे मला बघवायचं नाय.

"गेलं तर परत आणायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी डावा हात ठेवला, करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर, अंगठा झेडवर, दोन्ही एकदम दाबली. गेलेलं नाव आलं. "बघितलंस? मागं घ्यायला लागत्यात तीच दोन बोटं ठेवलीत देवानं." मग बोट नाचवून म्हणाले, "पण ध्यानात ठेव. हे साधं मशीन हाय, एकच पाऊल मागं येतं. घाबरून आणिक बटणं बडवलीस तर ते पाऊलबी पुसलं. म्हणून चुकलीस की काय करायचं? हात वर!"

हे "हात वर" ते दिवसातून वीसदा म्हणायचे. मी चुकले की "हात वर", गिऱ्हाईक चिडलं की त्यालाही "हात वर". पोलिसाने पकडल्यासारखी मी दोन्ही हात खांद्यापर्यंत न्यायची.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली. ते सांगायचे, दर दहा ओळींना सेव्ह कर, म्हणजे लाईट गेली तरी लिहिलेलं जात नाय. मी हो म्हणायची, आणि करायची नाय. कारण सेव्ह म्हटलं की पडद्यावर मधोमध इंग्रजी चौकट यायची, काहीतरी विचारायची, आणि उत्तर दिल्याशिवाय हटायची नाय. शाळेत बाई छडी घेऊन बाकाशी उभ्या राहायच्या ना, अगदी तशी. ती आली की मी कोपऱ्यातली फुली दाबून तिला घालवायची. संध्याकाळी मास्तर स्वतः सेव्ह करायचे, म्हणून कधी कळलं नाय.

महिना भरायला चार दिवस होते तेव्हा बुधाबाबा आले. डोंगराकडच्या एका पाड्यावरचे म्हातारे, हातात वहीचे कागद, घामाने मऊ झालेले. पाड्यात लाईट यायची होती. एवढी वीज आमच्या शेजारच्या अणुवीज केंद्रात तयार होते, तारा त्यांच्या शेतावरून जातात, आणि पाड्यात अजून चिमणीच. आता ऑफिसने घरटी एक नाव अशी यादी मागितली होती, टाईप केलेली, आणि ती त्याच दिवशी पालघरला पोचवायची होती. ज्याचं नाव यादीत, त्याच्या घरी मीटर. त्र्याऐंशी घरं.

सकाळपासून मी टाईप करत होते. बुधाबाबा बाकावर बसून प्रत्येक नावाला माणूस सांगत होते. "हा लाडक्या, पायाने अधू हाय. ही जानकी, एकलीच रेते, तिला लाईट पयली पायजे, तिच्या घरात साप निघते." जेवायलाही मी उठले नाय. तीन वाजून गेले तेव्हा त्र्याऐंशीवं नाव झालं. मास्तर म्हणाले, "कागद संपलाय, मी बाजारातनं घेऊन येतो. तू सगळं निवड आणि अक्षर मोठं कर, सायबाला चष्मा शोधाय लागू नये. चारला लाईट जाती, त्याच्या आत छापू." आणि गेले.

पिंकी रडत होती म्हणून मी तिला मांडीवर घेतलं. सगळं निवडलं. अख्खं पान काळं पडलं, त्र्याऐंशी घरं काळी. आणि पिंकीने पंजा उचलून एका बटणावर थाडकन मारला.

पान पांढरं झालं. वर नुसता एक "क". बाकी काही नाय.

माझे हात आपोआप बटणांकडे निघाले, काहीतरी दाबू, काहीही दाबू, निदान पहिलं नाव तरी परत लिहू, आणि कुठूनतरी मास्तरांचा आवाज कानात आला. मी हात वर केले. पण हातात पिंकी होती, म्हणून पिंकीही वर गेली. मी तशीच उठून उभी राहिले, पोर डोक्याशी धरून.

"काय झाला गं बाय?" बुधाबाबांनी विचारलं.

"काय नाय."

ते उठून पडद्यापाशी आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण भरलेलं पान आणि रिकामं पान कोणालाही कळतं. "आमची माणसां कुठं गेली?"

"येतील बाबा. तुमी हात लावू नका. कोणी हात लावू नका."

सेव्ह केलं नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. कंट्रोल आणि झेड दाबायचं हेही माहीत होतं, पण माझा विश्वास बसेना, माझं बोट घसरलं, भलतंच बटण दाबलं गेलं, तर ते एक पाऊलही जाणार. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन. चारला लाईट जाते, कधी दहा मिनिटं आधीच जाते. डोक्यावर पंखा फिरत होता आणि मी त्या पंख्याकडे बघत होते, तो फिरतोय तोपर्यंत पाडा जिवंत आहे. पिंकीला गंमत वाटत होती, ती हवेत पाय मारून हसत होती. माझे दंड भरून आले. सासूचा चेहरा दिसायला लागला. आणि ती साप निघणाऱ्या घरातली जानकी, जिला मी कधी बघितलंही नव्हतं.

चारला वीस मिनिटं कमी असताना मास्तर आले. कागदाचा गठ्ठा बगलेत. त्यांनी पडदा बघितला, मला बघितलं, वर पिंकीला बघितलं.

"त्याच्यानंतर किती बटणं दाबलीस?"

"एक नाय."

"खरं?"

"मास्तर, हात वर हायेत ना!"

ते वाकले. करंगळी, अंगठा. पान काळं होऊन आलं, पहिल्या घरापासून त्र्याऐंशीव्या घरापर्यंत. बुधाबाबा बाकावर जाऊन बसले. मी रडत रडत सेव्हचं सांगून टाकलं, की मी कधीच करत नव्हते, त्या चौकटीला भीत होते. आता काढून टाकतील, मला वाटलं. मास्तरांनी सेव्ह केलं, कागद लावला, प्रिंटर करकर करत नावं काढायला लागला, आणि ते म्हणाले, "बस खुर्चीत. आता तू उडव."

"काय?"

"सगळं निवड आणि उडव. मग तूच परत आण."

बुधाबाबा ताडकन उठले. "ओ दादा! एकदा गेलेला पाडा परत घालवता का? कागद तरी बाहेर पडू द्या!"

"बाबा, पाडा आता मशीनच्या डबीत ठेवलाय, कुठं जात न्हाय. हिची भीती तेवढी घालवायची हाय."

मी उडवलं. परत आणलं. पुन्हा उडवलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा मी बटणांकडे बघितलंही नाय, आणि बुधाबाबा प्रत्येक वेळी "आला, आला" म्हणत होते. ते कागद छातीशी धरून एस्टीला गेले आणि लगेच लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला.

त्या अंधुक दुकानात मास्तरांनी मला पहिल्यांदा बोटांचं सांगितलं. "प्रेसमधी पत्रा जरा वाकडा बसला व्हता. एवढंच. सोडून दिला असता तर एक पत्रा वाया. मी घाईनं सरळ कराय हात घातला." हात समोर धरून ते बघत राहिले. "चुकीनं न्हाय गेली पोरी. चूक निस्तरायच्या घाईनं गेली. त्या मशीनला मागं येता येत न्हवतं. ह्याला येतं, म्हणून मला हे आवडतं."

महिना भरला आणि सासूने विषय काढला नाय, मीही काढला नाय. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसले. पाड्यात मीटर लागले तेव्हा बुधाबाबा टोपलीभर करवंदं घेऊन आले आणि पिंकीच्या हातात देऊन म्हणाले, "ही घे गं, पाडा बुडवणारी!"

मग दुसऱ्या वर्षाच्या थंडीत मास्तरांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच ते गेले. असं झालं, एवढंच मला सांगता येतं.

पंधरा दिवसांनी हौसाकाकू, त्यांची मंडळी, दुकानात आल्या. गाळ्याचं लाईट मीटर मास्तरांच्या नावावर होतं, ते आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा होता. "त्यांचा जुना अर्ज असंल बघ डबीत," त्या म्हणाल्या. "तूच चालवायचंस आता दुकान. पण मीटर तर पायजे."

अर्ज होता. मास्तरांनी स्वतः केलेला, सात बोटांनी, एक चूक नाय. नुसतं नाव बदलायचं होतं. मी आधी माऊस उलटा केला, केसातली पिन काढली, पोट साफ केलं. काकू बघत होत्या. मग बाण नावावर नेला, ओढला. गणपत शेलार काळं पडलं.

माझं बोट खाली जाईना.

"कर गं," काकू म्हणाल्या. "त्यांनीच शिकवलंय न्हवं?"

मी दाबलं. नाव गेलं. पांढऱ्या जागेवर ती उभी रेघ लुकलुकत राहिली. मी दोन्ही हात वर केले. एक पाऊल अजून शिल्लक होतं. मी डावा हात खाली आणला, करंगळी, अंगठा, आणि नाव एकदा परत आणलं. दोघींनी वाचलं. काकूंनी ओठ हलवून, एकेक अक्षर.

मग त्याच जागी मी हौसाबाई शेलार लिहिलं आणि सेव्ह म्हटलं. चौकट आली, मधोमध उभी राहिली आणि विचारायला लागली. मी तिला होय म्हटलं.