डेन्मार्कचा फिटर

चहा आधी घोटभर पिऊन घ्या. मी माझा घोळ सांगायला लागलो की चहा नाकातनं यील, मग मला बोलू नका.

बत्तीस वर्षं मी साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. वाफ, व्हॉल्व्ह, पाईप, ह्यातलं मला कुणी शिकवायचं न्हाय! आता निवृत्त. हितं कोल्हापुरात, शाहूपुरीत मी आन् आमची मालकीण, दोघंच. एकुलती एक लेक वैशाली, ती डेन्मार्कला. चार वर्षं झाली, पोरगी घरी आली न्हाय.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. आता "आमची आठवण येती का गं?" असं बापाला विचारता येतंय व्हय? जीभच वळत न्हाय. मग मी आपला विचारतो, "घर गरम हाय न्हवं?"

"अण्णा, हितं घराघरात हीटर नसतोय," ती सांगायची. "गावाला एकच मोठं केंद्र. पंप लावून समुद्राच्या पाण्यातली ऊब ओढत्यात, तिच्यावर पाणी तापवत्यात, आन् जमिनीखालच्या पाईपनं घरोघर फिरवत्यात."

"गारढोण समुद्रातनं ऊब?"

"फ्रिज न्हाय का आतली गरमी मागं टाकत? तसंच की. धूर न्हाय, कोळसा न्हाय."

बॉयलरवाल्याला पटलं. बापाला न्हाय पटलं. माझ्या लेकीला ऊब देतंय कोण, तर समुद्र! आन् मी हितं पंख्याखाली बसून काय देणार, कपाळ?

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी तिचा फोन. "अण्णा, सकाळधरनं घर तापंनाच झालंय. आन् ऐका, उद्या एकजण तुमच्याशी बोलणार हाय. जरा नीट बोला हं..." फोन कट.

आलं ध्यानात. फिटर येणार! आन् त्याला समजावून सांगायला बाप पायजे! किती वर्षांनी पोरीला माझी गरज लागली सांगू?

रविवारी दुपारी कारखान्यातला खाकी शर्ट चढवून बसलो. बघतो तर मालकीण ठेवणीतल्या जरीच्या साडीत!

"फिटरसाठी जरीची साडी?"

"अहो, कसला फिटर?" ती म्हणतीय तवर फोन वाजला.

वैशालीशेजारी सहा फुटी गोरा पोरगा. पांढराफेक इस्त्रीचा शर्ट! काय ऐट तिथल्या फिटरची! त्यानं हात जोडले. "नमस्कार, अण्णा."

"अण्णा, हा मिकेल. आम्ही दोघं..."

"ते ऱ्हाऊ दे. पावणं, रेडिएटर दाखवा!"

रेडिएटर म्हंजे भिंतीला लावलेला पत्र्याचा चपटा डबा. गरम पाणी त्यातनं फिरतंय.

"अण्णा, पर आज लाईन..."

"तू गप गं! बॉयलर कुणी बघितलाय, तू का मी?"

माझं इंग्रजी बॉयलरपुरतं. ओपन, क्लोज, प्रेशर, लीक. तेवढ्यावर मी निम्म्या शाहूपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झालो. "हवा अडकलीया! वरचा स्क्रू ओपन! आजून ओपन! भितोस काय मर्दा, ओपन!"

पोरगं गुणाचं. सांगंल तसं करत गेलं. फुस्सकन् हवा सुटली, आन् मागनं काळ्या पाण्याची पिचकारी थेट त्याच्या शर्टावर!

"क्लोज! क्लोज! आता हात लाव. गरम हाय का?"

त्यानं रेडिएटरवर हात ठेवला. "हॉट, अण्णा! हॉट!"

मी मिशीवर हात फिरवला. "वैशाली, चहा पाज त्याला आन् लाव वाटंला. पोरगी एकटी हाय म्हणावं घरात, उगा रेंगाळायचं न्हाय."

मालकिणीनं कपाळावर हात मारला.

"अण्णा, तो फिटर न्हाय. आमाला लगीन करायचंय."

"...आन् करतोय काय?"

"त्याच गरम पाण्याच्या केंद्रात इंजिनिअर हाय."

"मग माझं सगळं गुमान ऐकलं कशाला?"

"मीच सांगितलंतं त्याला, अण्णा बोलताना मधी बोलायचं न्हाय."

"असू दे. बिघाड तर निघाला न्हवं?"

"कुठला बिघाड, अण्णा? रस्त्यातली मेन लाईनच कालपासनं बंद हाय. पाईप बदलत्यात. उद्यापर्यंत अख्खी गल्ली गार."

"मग ह्यो हॉट हॉट कशाला म्हणाला?"

"तुमचं मन मोडवंना त्याला."

पोरगं भिजल्या शर्टात कुडकुडत हसत होतं. वैशालीनं अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला, आन् त्यानं अर्धा परत तिच्यावर ओढला. मालकिणीनं फोन माझ्या हातातनं घेतला आन् दोघांना लांबनंच ओवाळलं.

लग्न मे महिन्यात, कोल्हापुरातच. पोरगी घरी येणार! मी रोज एकेक दिवस मोजतोय. पण आमच्या मालकिणीच्या तोंडात तीळ भिजंल तर शपथ. गल्लीभर झालंय. काल शेजारचे पाटील दारात आले.

"अण्णा, नळ गळतोय आमचा."

मी पान्हा घेऊन उठलो.

"तुम्ही बसा वो," ते म्हणाले. "जावई कधी येणार, तेवढं सांगा!"