बामगोलच्या टेकडीवरची नाळ

बामगोलच्या टेकडीवर मोठ्याने बोलायचं नाही, थुंकायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा नियम होता. माथ्यावर राजपुत्राची वार-नाळ पुरलेली होती आणि मानसोक तिचा राखणदार होता. तीनशे पावलांच्या रिंगणात पाइनची पानं झाडायची, रानडुकरांनी माती उकरली नाही ना हे बघायचं, आणि वर्षातून दोनदा जिल्ह्याच्या कचेरीतून कारकून आला की सगळं जिथल्या तिथे आहे हे त्याला दाखवायचं. त्याबदल्यात त्याला वेठबिगार माफ होती. गावातले लोक म्हणायचे, मानसोकचं नशीब मोठं. त्याची बायको बुनी हे ऐकलं की दुसरीकडे बघायची.

ती नाळ राजधानीहून आली तेव्हा मानसोक सत्तावीस वर्षांचा होता. थोरला राजपुत्र जन्मला की त्याची वार-नाळ शंभर वेळा धुऊन बुधल्यात घालतात, बुधला रांजणात ठेवतात, आणि ज्योतिषी दाखवतील त्या टेकडीवर नेऊन पुरतात. जमीन चांगली लागली तर राजा चांगला होतो. गरिबाघरी वार अंगणात जाळायची आणि राख ओढ्यात सोडायची. बुनीने चार वेळा जाळली होती. चारही पोरं वर्षाच्या आत गेली होती.

पाचवा मुलगा झाला तो नाळेची पालखी गावात यायच्या आदल्या दिवशी.

मुलगा झाला की दारावर उलट्या पिळाची गवताची दोरी बांधायची, तिच्यात लाल मिरच्या ओवायच्या. मग एकवीस दिवस परक्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही, आणि त्या घरच्या पुरुषाने कुठल्याही विधीला जायचं नाही. मानसोकने दोरी वळून ठेवली होती. बुनीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"बांधू नका."

"वेड लागलं का तुला? उघड्या दारातून काय वाट्टेल ते आत येईल."

"बांधली तर उद्या तुम्हाला टेकडीवर घेतील का? पहारा तुमच्याकडे आहे ना रांजणाचा?" तिने उशाखालून चिंधीत गुंडाळलेला वीतभर नाळेचा तुकडा काढला. "माझ्या चार पोरांच्या वाट्याला चुलीतली राख आली. आणि त्या एका पोराला अख्खी टेकडी. जरा सरकून बसेल तो. वीतभर तर जागा हवीय."

"पकडलो तर मान जाईल."

"आणि हाही गेला तर माझी राहील का?"

दुसऱ्या दिवशी शुभघटिकेची वाट बघत अधिकारी मंडपाबाहेर जेवायला बसले. मानसोक आत एकटाच होता. त्याने रांजणाचं झाकण उचललं. आत बुधला होता, झाकण लाल दोरीने करकचून बांधलेलं, सभोवती कापूस. त्याने चिंधी कापसात खोल सारली. सारताना बोटांची पाठ बुधल्याला लागली. बाहेर दहिवर पडायचे दिवस होते, वार पाच महिन्यांपूर्वीची होती, आणि बुधला कोमट होता.

दुपारी रांजण दगडी पेटीत ठेवून वर माती लोटली. मुलाचं नाव छादोल ठेवलं, म्हणजे गारगोटी. असल्या नावाकडे यमाचं लक्ष जात नाही. न बांधलेली दोरी बुनीने पेटाऱ्यात ठेवून दिली.

छादोल जगला. वर्ष झालं, दोन झाली. पाइनच्या पानांच्या ढिगावर लोळायचा, पाठीला पानं चिकटवून घरी यायचा. भाताच्या भांड्याच्या तळाची खरवड त्याला फार आवडायची. बुनी तिच्यात पाणी घालून उकळी आणायची, तर हा तेवढाही धीर न धरता उलथन्याने भांडं खरडत बसायचा. तो आवाज शेजारपर्यंत जायचा.

चार वर्षांचा असताना एका सकाळी तो अंगणात उभ्या उभ्या रडायला लागला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "आजी गेली."

त्याच्या दोन्ही आज्या त्याच्या जन्माआधीच गेल्या होत्या. बुनीला काय वाटलं कोण जाणे, तिने पेटाऱ्यातली दोरी काढली आणि तिला एक गाठ मारली. मग रोज चुलीपाशी कोळशाने एक रेघ ओढत राहिली.

पानगळीत क्वाक कारकून आला. हा लठ्ठ माणूस, चढाला धापा टाकायचा, पण राजधानीच्या बातम्या सांगायची त्याला भारी हौस. या खेपेला त्याने सुतकाचे पांढरे कपडे घातले होते.

"थोरल्या राणीसाहेब गेल्या. आपल्या राजपुत्राची आजी. लेकराने म्हणे दोन दिवस अन्नाला शिवलं नाही."

"कधी गेल्या, कारकूनसाहेब?" बुनीने विचारलं.

"तुला काय करायचंय? श्राद्ध घालणार आहेस?" तो हसला, पण त्याने दिवस सांगितला. बुनीने आत जाऊन रेघा मोजल्या.

दोरीवर गाठी वाढत गेल्या. छादोलला सातव्या वर्षी गोवर आला, राजपुत्रालाही आला होता. दहाव्या वर्षी तो सपाट अंगणात चालता चालता पडला आणि घोटा सुजला. राजपुत्र घोड्यावरून पडला होता. सोळाव्या वर्षी एका सकाळी तो अंथरुणात बसून राहिला. म्हणाला, "आई, डोक्यावर काहीतरी जड ठेवलंय गं. मान वर होत नाही." महिन्याने क्वाक आला आणि सांगू लागला, की जुने महाराज वारले, राजपुत्राच्या डोक्यावर मुकुट चढला.

"आता तू साधा राखणदार नाहीस, राजाच्या नाळेचा राखणदार आहेस," क्वाक म्हणाला. "कठडा येईल इथे, कासवाच्या पाठीवर शिळा उभी राहील. फक्त दुष्काळ सरू दे."

दुष्काळ तीन वर्षं सरला नाही. चौथ्या पानगळीत क्वाक वेळेआधीच आला आणि त्याने बातमी सांगताना आवाज खाली आणला.

"महाराज अंथरुणाला खिळलेत. वैद्यांनी हात टेकले. ज्योतिषी म्हणतात, नाळेवर दगड चढवला नाही म्हणून असं झालं. दहा दिवसांत पाथरवट येतायत. पोरगा दिसत नाही तुझा?"

"आत आहे. झोपलाय," मानसोक म्हणाला.

छादोल बारा दिवस आत होता. अंग तापलेलं, ओठ फाटलेले, डोळे उघडे. मध्येच तो छताकडे बघून म्हणायचा, "इतके खांब का लाल केलेत?"

क्वाक गेल्यावर बुनीने नवऱ्याला धरून बसवलं. "तो गेला की आपला जाणार. कळतंय ना? काढून आणा. दगड बसला की हात जायचा नाही आत."

"तूच ठेवायला लावलीस."

"मीच लावली. आता मीच काढायला लावतेय. चला."

सकाळ उलटली तरी धुकं होतं. इतकं दाट की हातातलं फावडं टोकाशी नाहीसं व्हायचं. दोघं टेकडी चढली. एकोणीस वर्षांत बुनी तिथे पहिल्यांदाच येत होती. मानसोक खणत होता आणि ती माती आपल्या घागऱ्यावर काढून घेत होती, पुन्हा होती तशी लोटता यावी म्हणून. दगडी पेटीच्या झाकणाखाली त्यांनी पाइनचा वासा घातला. दोघांच्या भाराने झाकण सरकलं. रांजण उघडला.

कापूस होता तसाच पांढरा होता. मानसोकने सगळा उपसला, रांजणाच्या तळाला हात फिरवला. चिंधी नव्हती. नुसता धागाही नव्हता.

"नीट बघा."

"बघितलं. रिकामं आहे."

मग दोघांनीही बुधल्याकडे पाहिलं. लाल दोरी जशीच्या तशी होती, गाठ न सुटलेली, कडांची लाख न तडकलेली. मानसोकने कोयत्याने दोरी कापली, झाकण उपटलं. तळाला विधीप्रमाणे ठेवलेलं एक नाणं होतं. त्याच्यावर दोन नाळा होत्या. वाळलेल्या, वीत वीत लांब, शेजारी शेजारी निजल्यासारख्या. एकीत आणि दुसरीत तसूभर फरक नव्हता.

धुक्यात कुठेतरी पानं सरकली.

"आपली कुठली?" मानसोकने विचारलं.

बुनी वाकून वास घेत होती, एकीचा, मग दुसरीचा. ज्या बाईने ती पोटातून काढली तिला ओळखू यावी असं त्याला वाटत होतं. तिने डावीकडची उचलली, परत ठेवली. उजवीकडची उचलली.

"ही," ती म्हणाली. आवाजावरून खात्री वाटत नव्हती.

खड्डा होता तसा बुजवून घरी आल्यावर तिने अंगणात जाळ केला आणि एकोणीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. नाळ जळायला वेळ लागला नाही. राख ओढ्यात सोडून ती परतली तेव्हा छादोलचा ताप उतरला होता. तो उठून बसला होता, भिंतीला न टेकता, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. तिने जवाची पेज पुढे ठेवली. तो पेजेकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"खा ना."

तो थांबला होता. पेज निवून गेली. शेवटी बुनीने, चव गेली का बघावं म्हणून, एक चमचा स्वतः तोंडात घातला. तेव्हा कुठे त्याने वाडगा उचलला.

पाथरवट आले, कठडा बसला, कासव बसलं. वसंतात क्वाक आला तो खुशीत.

"बघ, दगडाचा गुण. महाराज खडखडीत बरे झाले. उलट आता झेपेना झालंय वाड्यातल्यांना. पहाटे उठतात आणि मागच्या बागेत जाऊन पाइनची पानं गोळा करतात. स्वतः. हुजरे पाया पडतात, तर म्हणतात, ओली आहेत, पेटणार नाहीत, उन्हात टाका." तो हसून हसून खोकला. "आणि जेवण! आधी कुणी चाखल्याशिवाय राजाने घास घ्यायचा नसतो, तर हे थांबतच नाहीत. खरवड मागतात. मुदपाकखान्यात भात कधी लागतो का? मुद्दाम करपवायला लागतो आता."

मानसोकने मान खाली घातली. बुनी हातातली टोपली तशीच धरून उभी होती.

"तुम्हाला हसू नाही आलं?" क्वाक म्हणाला.

"आलं की," बुनी म्हणाली.

घरातला छादोल वाईट नव्हता. काम शिकला, कुणाला उलटून बोलला नाही. पण खरवडीला त्याने पुन्हा हात लावला नाही. बसायचा तो नेहमी दक्षिणेकडे तोंड करून, राजे बसतात तसा, मग पाठीवर ऊन येवो की वारा. आणि आईला त्याने पुन्हा कधी आई म्हटलं नाही. काही हवं असलं की नुसता बघायचा, आणि बुनी उठायची. प्रत्येक जेवणाआधी ती त्याच्या वाडग्यातला एक घास खायची. पंचवीस वर्षं खाल्ला.

राजाचं राज्य चाललं होतं. फार मोठा राजा म्हणून नाही गाजला. लढाई नाही, नवा वाडा नाही. एक हुकूम मात्र त्याने काढला आणि दरबाराला त्याचा अर्थ लागला नाही: नाळेच्या टेकड्यांखालच्या गावांना पडलेली पानं सरपणाला नेऊ द्या. कचेरीपुढे तो वाचून दाखवला त्या दिवशी बुनीने डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि रस्त्यातच बसली. लोकांना वाटलं, दमली.

"आठवण आहे त्याला," ती घरी आल्यावर म्हणाली.

"गप्प बस," मानसोक म्हणाला. आत छादोल दक्षिणेकडे तोंड करून बसला होता.

राजा गेला तेव्हा मानसोक एकाहत्तर वर्षांचा होता. बातमी सांगायला क्वाकचा जावई आला. सगळं गाव पांढरे कपडे घालून कचेरीपुढे राजधानीकडे तोंड करून बसलं. ठरलेल्या वेळी रडायचं असतं, तसं सगळे रडले. बुनीचं रडणं मात्र थांबेना. ती जमिनीवर तळवे आपटत होती, तिचे केस सुटले होते.

"राजासाठी इतकं मनापासून रडलेलं कुणी पाहिलं नाही मी," जावई म्हणाला. "कळवतो वर."

वाटेत तिने मानसोकचा हात धरला. "त्याला परत बोलावलं असेल ना?"

माणूस गेला की त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नावाने हाक मारायची, परत ये म्हणायचं. झोपडीत करतात तेच वाड्यातही करतात.

"बोलावलं असेल," तो म्हणाला. "पण राजाचं नाव घेत नाहीत. नुसतं महाराज म्हणतात."

बुनी थांबली. "मग त्याला कसं कळेल, की आपल्यालाच बोलावतायत?"

घरी येऊन तिने पेटारा उघडला. गाठींनी भरलेली दोरी बाजूला केली आणि तळातून छादोलचं लहानपणचं कुडतं काढलं. मानसोकने ते तिच्या हातातून घेतलं. शिडी लावून गवताच्या छपरावर चढला. ऊन चांगलं होतं, टेकडीवरचं दगडी कासव इथून दिसत होतं. खाली अंगणात छादोल दाताळं हातात घेऊन उभा होता, चव्वेचाळीस वर्षांचा, धडधाकट, आणि वर बघत होता. जिवंत माणसाचं नाव असं छपरावरून घेत नाहीत. बामगोलमध्ये कुणी घेतलं नव्हतं.

"छादोल, परत ये."

कुडतं वाऱ्याने फडफडलं.

"छादोल, परत ये."

खाली छादोलने दाताळं जमिनीवर ठेवलं. मानसोकने तिसरी हाक मारली आणि कुडतं खाली टाकलं. ते छादोलच्या पायांशी पडलं. तो वाकला, त्याने ते उचललं, थोडा वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग कुणाकडे न बघता वाकून स्वैपाकघरात गेला.

बुनी सवयीने उठली. घास चाखायला हातात चमचा होता. दारापाशी पोचली आणि थबकली.

आत कुणीतरी उलथन्याने भांड्याचा तळ खरडत होतं, मिळेल तेवढं, घाईघाईने. छपरावरून मानसोकलाही ते ऐकू येत होतं. तो तिला वरून हाताने खुणावत होता, जा, जा आत. ती उंबऱ्यावर हात ठेवून उभी होती. आवाज थांबेपर्यंत तिला आत पाऊल टाकायचं नव्हतं, आणि तो थांबू नये असंही तिला वाटत होतं.