दाजींची संमती येणे बाकी आहे

सोसायटीत त्याला पाठीमागे सगळे पोटकलम म्हणायचे. तोंडावर अर्थातच साहेब. विमा कंपनीत तो दाव्यांच्या विभागात होता. म्हणजे लोकांचं नुकसान झालं की ते कंपनीच्या दृष्टीने का झालेलं नाही, हे गोड शब्दांत समजावून सांगायचं. घरीही तेच. फ्रिजच्या दारावर कागद: शेवटची बाटली रिकामी करणाऱ्याने ती भरून ठेवावी. त्याखाली बारीक अक्षरात, पाहुणे वगळून. बायकोच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं की या माणसाशी भांडायचं तर नियम दाखवूनच भांडावं लागतं. ती त्यात इतकी तयार झाली की आता घरात हरायचा तो हाच.

अशा माणसाच्या डोक्यात वेबसाइट काढायचं खूळ शिरलं. मोबाइलवरच्या ग्रुपात रोज सकाळी तीच फुलं आणि तेच सुविचार बघून त्याला वीट आला होता. इमारतीत एवढी माणसं एवढी वर्षं राहतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसेल? रविवारचे रविवार घालवून, व्हिडिओ बघत, स्वतःवर चिडत त्याने ती उभी केली. खरंच सुरेख केली हो, उगाच नावं ठेवायची नाहीत. कोणीही आपली गोष्ट पाठवावी, शेजाऱ्यांनी वाचावी, पाच जणांनी ‘पसंत’चं बटण दाबलं की गोष्ट पहिल्या पानावर.

इथवर थांबला असता तर पोटकलम कसला? त्याने पुढे जोडलं की एकाचाही आक्षेप आला तर त्याचं निरसन होईपर्यंत गोष्ट अडवून ठेवायची. आणि गोष्टीत ज्याचा उल्लेख असेल त्याची संमती हवी. वार्षिक सभेत उभं राहून त्याने छाती फुगवून सांगितलं, “मलासुद्धा वेगळा दरवाजा नाही. माझी गोष्ट याच रांगेत उभी राहील.” टाळ्या पडल्या. हा सभेचा शेवटचा विषय होता, म्हणून जरा जोरातच पडल्या.

आणि मग गंमत सुरू झाली. चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी लिफ्ट अडकल्याची गोष्ट पाठवली. आत पाच माणसं, हसून हसून पुरेवाट. पण एकाने संमती दिली नाही, कारण त्या वेळी तो ऑफिसात असायला हवा होता. दुसरी म्हणाली, मी घाबरले नव्हते, मला काढा. असं करत करत लिफ्टमधली सगळी माणसं बाहेर आली. उरलेली गोष्ट अशी की लिफ्ट अडकली, आत कोणी नव्हतं, थोड्या वेळाने सुटली. तिला मात्र धडाधड पसंत्या मिळाल्या. सेक्रेटरींनी तर नातवाची कविता थेट पहिल्या पानावर टाकायची गळ घातली. पोटकलमने हात जोडून रांग दाखवली. तेव्हापासून सेक्रेटरी जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत उतरायचे.

आता त्याच्या ताईचं सांगायला हवं. थोरली बहीण, त्याच इमारतीत तळमजल्यावर. दाजी गेल्यापासून ती दुपारची वर यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. चहा घेतेस? घेते. बरी आहेस? आहे. ज्या बाईच्या बडबडीने लहानपणी याचा अभ्यास व्हायचा नाही, ती अशी मिटून बसलेली याला बघवायची नाही. पण यावर त्याच्याकडे कुठला नियम नव्हता.

एका रविवारी तो कॉम्प्युटरशी झटापट करत असताना ती आपणहून म्हणाली, “मी सांगू का एक? टाकशील?”

त्याने खुर्चीच वळवली. “सांग. तू सांग, मी टाइप करतो.”

आणि ताई बोलायला लागली. लग्नानंतरची गोष्ट. दाजी तिरसट, इमारतीत कुणाशी पटायचं नाही, घरातही तोंडाला कुलूप. तिला वाटायचं, कुठून या माणसाच्या गळ्यात पडले. एका उन्हाळ्यात तळमजल्याला पाणीच येईना. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनीअरच्या घरच्यांनी चोरून पंप बसवला होता. तक्रार केली तर सेक्रेटरींनी काखा वर केल्या. तेव्हाही सेक्रेटरी हेच होते. मग एके सकाळी दाजी गच्चीत गेले, टाकीवर चढले, मुख्य नळ बंद केला आणि वर मांडी ठोकून बसले. सगळ्यांना सारखं पाणी मिळेपर्यंत कुणालाच नाही. दिवसभर बसले. खाली शिव्या, वर हे बेसूर गात. ताई शिडीवरून डबा घेऊन गेली, तर म्हणाले, तू जेवलीस का आधी?

“त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं,” ताई म्हणाली, “की हा माणूस आपला आहे.” सांगताना ती हसत होती. किती महिन्यांनी हसत होती. पोटकलमला पुढचं नीट दिसेना, तसंच त्याने टाइप केलं आणि गोष्ट रांगेत लावली. हे जमलं पाहिजे, बस्स. बाकी वेबसाइट खड्ड्यात गेली तरी चालेल.

दुसऱ्या दिवसापासून ताईचा एकच प्रश्न, “आली का रे?”

कुठली यायला. इंजिनीअर साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आधी म्हणाले, ‘चोरून’ काढा, पंप राजरोस बसवला होता. याने काढलं. मग म्हणाले, पंपच काढा. सेक्रेटरी तर टपूनच बसले होते. टाकीपर्यंत कुणीही जाऊ शकत होतं असा अर्थ निघतो, यात समितीची बदनामी आहे. टाकी गेली. योगशिक्षिकेला शिव्या नकोत, गवयाला ‘बेसूर’ नको, आणि एका आईचं म्हणणं, शिडी वाचून मुलं गच्चीत जातील. हा रोज ऑफिसातून आला की एकेक शब्द सोलून काढायचा. दर वेळी मनाशी म्हणायचा, एवढंच, मुख्य गोष्ट तर शाबूत आहे.

“नियम तुम्हीच केलात ना?” बायको म्हणाली. “मग तुम्हीच मोडा.”

“आणि सेक्रेटरीला काय तोंड दाखवू?”

“ताईंना काय दाखवणार आहात, ते बघा.”

शेवटी आक्षेप संपले. पाच पसंत्याही आल्या. तरी गोष्ट हलेना. त्याने उघडून बघितलं तर लाल अक्षरात ओळ: संबंधित व्यक्तीची संमती येणे बाकी आहे. व्यक्ती म्हणजे दाजी. सभासदांच्या यादीत ते अजून होते, कारण नाव कमी करायला समितीची बैठक लागते आणि बैठकीला माणसं लागतात. वेबसाइट बिचारी इमानदार. तिने दाजींना स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडली होती. प्रिय सभासद, आपल्याकडून उत्तर आलेले नाही, कृपया विलंबाचे कारण कळवावे. ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं, ऑफिसातून उचललेलं.

तो कपाळाला हात लावून बसला. दाजींच्या नावाने शिरून बटण दाबणं एका मिनिटाचं काम. पण दुसऱ्याच्या नावाने सही? जन्मभर त्याने असले कागद परत पाठवले होते, समोर रडणाऱ्या बायका बसलेल्या असताना पाठवले होते. नाहीच झालं त्याच्याने. आणि मग त्याला पळवाट सुचली, तीही पूर्ण नियमात बसणारी. ज्याचा उल्लेख, त्याची संमती. उल्लेखच नसेल तर? ‘दाजी’च्या जागी त्याने ‘एक रहिवासी’ घातलं. यंत्राने विचारलं, कोणता? त्याने ‘रहिवाशांनी’ केलं. गोष्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत पहिल्या पानावर.

तो पळतच तळमजल्यावर गेला. “ताई, आली. बघ, लोकांनी डोक्यावर घेतलीय.” आणि खोटं नव्हतं ते. सेक्रेटरींनीसुद्धा ‘पसंत’ दाबलं होतं. खाली इंजिनीअर साहेबांचा शेरा होता, जुने दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले.

ताईने चष्मा लावला. फोन लांब धरून मोठ्याने वाचलं. “एका उन्हाळ्यात आपल्या इमारतीत पाणी कमी येत होते. रहिवाशांनी सामंजस्याने तोडगा काढला. तेव्हापासून सर्वांना सारखे पाणी मिळते.” बोटाने वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “कोणाची आहे रे?”

“तुझीच, ताई.”

“माझ्या गोष्टीत ते होते.”

तो आक्षेप, नियम, संमती, सगळं सांगायला गेला, तर स्वतःलाच ऐकवेना. “थांब, मी पहिली होती तशी परत टाकतो. नियम गेला उडत,” असं म्हणून त्याने तिथेच फोनवर शोधायला सुरुवात केली. आणि मग आठवलं. जुने मसुदे ठेवायचे नाहीत, उगाच जागा अडते, हेही त्यानेच ठरवलं होतं.

“तू परत सांग,” तो म्हणाला. “शब्दन् शब्द लिहून घेतो.”

ताईने फोन त्याच्या हातात ठेवला आणि चष्मा काढला. “नको,” ती म्हणाली. “तू परत सगळ्यांना विचारशील.”