बुकित तिमावरचा आंबा

पुण्याचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही जाऊ दे, आधी टेकडी शोधतो. घर नंतर. टेंब्यांनीही तेच केलं. सुबोध आणि अनघा टेंबे, कोथरूडचे, सिंगापूरला आले तेव्हा जाई कडेवर होती. त्यांच्या वाट्याला आली बुकित तिमा, या देशातली सगळ्यात उंच टेकडी. सगळ्यात उंच म्हणजे काय, तर आपल्या पर्वतीपेक्षा जरा दमवेल इतकीच! माथ्यावर उंचीची पाटी आहे. ती वाचून सुबोध पहिल्या दिवशी हसत सुटला होता. "अगं, हिला आपल्याकडे नुसता चढ म्हणाले असते!"

पण हसणं तेवढ्यापुरतंच. खालून डांबरी रस्ता सुरू होतो तो सरळ छातीवरच येतो. दोन्ही बाजूंना झाडं अशी की मान मागे टाकून बघितलं तरी शेंडा दिसत नाही. आत कायम ओलसर अंधार, आणि रातकिडे भर दुपारी ओरडत असतात. पायथ्याला जुन्या खाणीचं तळं आहे, हिरवंगार, मागे उघडा कातळ. पलीकडच्या उतारावर पूर्वी गाईंचे गोठे होते म्हणे. त्या भागाला अजून डेअरी फार्मच म्हणतात. माकडं मात्र थेट आपल्याकडच्यासारखी बेरकी. पिशवीचा नुसता आवाज झाला की हजर.

सुबोध आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत क्वालिटी बघायचा. बघायचा म्हणजे घरीदारी तेच करायचा. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी हा हिरवा दिवा लागेपर्यंत खांबासारखा उभा. अनघा चिडायची. "अरे, कोण बघतंय?" तर म्हणायचा, "मी बघतोय ना." आता अशा माणसापुढे काय बोलणार? दर रविवारी दोघं टेकडीवर जायची. मुलगी मोठी झाल्यावर यायची बंद झाली, तिला ऊन नको आणि माकडं नकोत. पण या दोघांचा रविवार कधी चुकला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो चुकला, कायमचा. मराठी मंडळींपैकी कुणीतरी हापूसच्या पेट्या मागवल्या होत्या. त्यातले दोन आंबे सुबोधनं पिशवीत टाकले. उतरताना एका वळणावर, रस्त्याच्या कडेच्या मोठ्या दगडावर बसून त्यानं आपला आंबा चोखून चोखून खाल्ला. कोपरापर्यंत रस! अनघा म्हणाली, "टाक ती कोय झाडीत, कुजून जाईल." छे! जंगलात काही टाकायचं नाही म्हणजे नाही. डबा उघडला, कोय आत ठेवली, झाकण लावलं. मग म्हणाला, "जरा बसतो गं." आणि तो उठलाच नाही. ॲम्ब्युलन्स आली, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात नेलं, पण नेऊन उपयोग नव्हता.

जाई तेव्हा कंपनीच्या कामानं मेलबर्नला होती. ती दुसऱ्या दिवशी पोचली. बाबाला तिनं पाहिलं ते झाकलेलं. ती रडली नाही. भराभर कागद केले, फोन केले, भाकरीसारखा कोरडा चेहरा करून सगळ्यांशी बोलली. अस्थी सुबोधचे थोरले भाऊ वाईला घेऊन गेले. कृष्णेत सोडल्या. रीतीप्रमाणे झालं सगळं, अनघानं कशालाच हरकत घेतली नाही. पण पुढे तिच्या लक्षात आलं, की ज्या देशात या माणसानं उभी हयात काढली, तिथे त्याची म्हणून हातभर जागा नाही. शेजारचं चिनी कुटुंब वर्षातून एकदा आपल्या गेलेल्या माणसांपाशी फुलं घेऊन जायचं. तिनं कुठे जायचं? बँकेत, खात्यावर त्याचं नाव आहे म्हणून?

आठवड्याभरानं पिशवी धुवायला काढली तर तळाशी डबा, आणि डब्यात ती कोय. अनघा तिथेच फरशीवर बसून रडली. मग उठली आणि कोय कुंडीत पुरली. रुजली की! तांबूस, लोंबती पानं आली. रोप वितीएवढं झाल्यावर तिनं कुणाला न सांगता ते बुकित तिमावर नेलं, आणि त्या दगडाला लागून, जिथे झाडीला फट पडून ऊन येतं, तिथे लावलं.

इथे बाईचं चुकलं. राखीव जंगल आहे ते. तिथे पान तोडायचं नाही, तसं बाहेरचं रोपही आणायचं नाही. पण पुण्यात टेकडीवर जाणारा प्रत्येक जण हातात पाण्याची बाटली घेऊन जातो आणि कुणीतरी लावलेल्या रोपाला घालून येतो. तिथे ते पुण्य. तेच पुण्य इथे गुन्हा होतं, हे अनघाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर लपवलं. नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये ती हिशेबाचं काम बघायची. कामावर जाण्याआधी ब्यूटी वर्ल्ड स्टेशनला उतरायचं, वळणापर्यंत चढायचं, बाटली रिकामी करायची. जिथे रोज आभाळ कोसळतं तिथे बाटलीनं पाणी घालायला पुणेकरच हवा! ती घालायची आणि बोलायची. दुधाचा भाव, गुडघा, जाईचं मुकेपण, सगळं सांगायची.

कारण घरात तर बोलणं उरलंच नव्हतं. जाई वन-नॉर्थ भागातल्या एका लॅबमध्ये काम करायची. रात्री यायची, जेवायची, दार लावून घ्यायची. शनिवारी जुने कपडे आणि बूट घालून बाहेर पडायची. "कुठे?" म्हटलं की "व्हॉलंटिअरिंग लह, आई," इथल्या पोरांसारखं शेवटी 'लह' लावून. बस. अनघाला वाटायचं, पोरगी दगड झाली. बापाचं नावसुद्धा काढत नाही.

एका शुक्रवारी जेवताना मात्र जाईनं ते काढलं.

"आई, बाबा जिथे बसला होता ना, ते वळण."

अनघाचा हात आमटीच्या वाटीपाशीच थांबला.

"मी त्या टेकडीवर जाते. शनिवारी. आमचा ग्रुप आहे, जंगलात वाढलेली बाहेरची झाडं काढतो. वर्ष होऊन गेलं." जाई ताटाकडे बघत बोलत होती. "तुला सांगितलं नाही. तुला त्रास होईल वाटलं."

"बरं," अनघा कशीबशी म्हणाली.

"गेल्या शनिवारी आमचं काम त्या वळणापर्यंत आलं, तर तिथे कुणीतरी चक्क मँगो लावलाय. सो शेमलेस! एवढी मोठी टेकडी पडलीय, आणि बाबाच्याच दगडाशी? मीच लाल टेप बांधून आले. उद्या काढणार."

अनघानं घास परत ताटात ठेवला. आता सांगावं? सांगितलं तर पोरगी टेप सोडून येईल, आपल्यासाठी खोटं बोलेल. किंवा नाही सोडणार, आणि मग ते दोघींच्या मध्ये जन्मभर राहील. नाही सांगितलं तर उद्या सुबोधचं इथलं जे काही होतं ते संपलं. ती उठली, ताट विसळलं, पुन्हा विसळलं. शेवटी म्हणाली, "मी येते उद्या."

जाईनं वर बघितलं. "खरंच?"

सकाळी दोघी चढल्या. पुढे ग्रुपमधली माणसं, आणि त्यांची प्रमुख आंटी लिम, पिकल्या केसांची, या वयातही तुरुतुरु चालणारी. रात्री पाऊस पडून गेला होता, सगळी टेकडी ठिबकत होती. वळण आलं. रोप आता कमरेएवढं झालं होतं, खोडाला लाल टेप. नवी पालवी आली होती. जाईनं कुदळ घेतली.

"थांब," अनघा म्हणाली. "ते मी लावलंय."

जाईला कळेचना.

"बाबानं इथे आंबा खाल्ला होता ना. शेवटचा. त्याची कोय आहे ती."

कुदळ जाईच्या हातून खाली आली. तिनं एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि वाकून ती लाल टेपची गाठ सोडायला लागली. ओली गाठ सुटेना. "मी सांगते त्यांना. नेटिव्ह आहे म्हणून सांगते. कोणाला कळणारे? राहू दे आई, राहू दे."

अनघानं तिचा हात धरला. किती दिवसांनी धरला! याच हाताला आपण दगड समजत होतो, असं मनात येऊन तिला स्वतःची लाज वाटली.

"नको. अगं, त्यानं साधी कोय टाकली नाही इथे. मी टाक म्हणत होते तरी डब्यात भरली. मीच आणून लावली त्याच्या मनाविरुद्ध. आज असता तर सगळ्यांत आधी मलाच ओरडला असता. काढ तू."

"मग अलगद काढू. कुंडीत लावू घरी."

दोघी गुडघ्यांवर बसल्या. कुदळ बाजूला ठेवून हातांनीच माती उकरली. माती थोडीच होती, खाली कातळ. मुळानं कातळातली फट शोधली होती आणि त्यात ते खोल गेलं होतं. जाई बोटं घालत राहिली, नखांतून रक्त आलं. अनघा खोड धरून होती. "हळू गं, हळू," ती म्हणत होती, आणि तेवढ्यात आतून काडकन आवाज झाला. रोप सैल होऊन अनघाच्या मांडीवर आलं. मूळ आतच राहिलं होतं. झाडांबद्दल काही न कळणाऱ्यालाही कळलं असतं की हे आता जगायचं नाही.

आंटी लिम काळी पिशवी उघडून जवळ आली. उपटलेली सगळी झाडं त्यात भरायची असतात. जाईनं रोप आईच्या मांडीवरून उचललं, पण पिशवीत घातलं नाही. चिखलासकट छातीशी घट्ट धरलं.

"आंटी, हे यात नको," ती इंग्रजीत म्हणाली. "हा माझा बाबा आहे."

आणि मग दोन वर्षांचं सगळं एकदम फुटलं. जाई ओक्साबोक्शी रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी, आणि अनघानं तिला रोपासकट कवेत घेतलं. आंटी लिमनं पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि बाकीच्यांना हातानंच पुढे व्हायला सांगितलं.