बारावी सीट

आमच्या सायकल ग्रुपमध्ये एक गृहस्थ कायम सगळ्यांत मागे असतात. दम कमी म्हणून नाही. मूळचे चऱ्होलीचे, ते चाकणच्या कंपनीतही शिफ्ट सुटली की सगळी माणसं बाहेर पडल्याशिवाय गेट सोडत नाहीत. राइडमध्ये थांबलो की एकेका सायकलच्या सीटवर हात ठेवून मोजतात. "मागं कोन ऱ्हायलं न्हाई ना, येवढंच बघायचं," म्हणतात. फोन सोबत आणत नाहीत.

नाशिकच्या राइडला आम्ही बारा जण होतो. खेड घाटाखाली माझे पाय गळाले. ते कुणाचं तरी पंक्चर काढत होते. लाजेपोटी काही न बोलता मी सायकल सामानाच्या टेम्पोत टाकली आणि पुढे मंचर गाठलं.

घाटमाथ्यावर त्यांच्या मोजणीत अकराच भरले. बाकीच्यांना पुढे धाडून ते एकटे मागे फिरले.

बाकीच्यांनी मंचरला येऊन हे सांगितलं. त्यांना आणायला आम्ही टेम्पो काढतच होतो, तेवढ्यात ते उन्हातून आले. गुडघे मातीने भरलेले, बाह्यांना कुसळं. घाटाच्या कठड्याखाली उतरून ते मला शोधत फिरले होते.

मी पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेम्पोतल्या माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवला.

"बारा," म्हणाले आणि हात धुवायला गेले.