तांबड्या गाडीचा क्लच

एर्मेस गोलिनेल्लीला जळायला फारसं काही लागत नसे. बायको पाववाल्याशी दोन शब्द जास्त बोलली की त्या दिवशीचं सूप त्याला अळणी लागायचं. गावात नवा पाद्री आला, तो तरुण निघाला, तर एर्मेसने नीवेसला नदीपलीकडच्या चर्चला न्यायला सुरुवात केली. कारण काय सांगितलं, तर तिथली घंटा जास्त गोड वाजते. नीवेस हसली आणि गेली. बाकी माणूस सोन्यासारखा होता. पानारो नदीच्या काठावर, घराच्या मागच्या बाजूला त्याचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर असो की पोस्टमनची मोपेड, तो सारख्याच मनाने दुरुस्त करायचा.

पण एका माणसावरचा जळफळाट त्याने कधी तोंडाबाहेर काढला नव्हता. लेआर्को पिन्यात्ती, औषधवाल्याचा मुलगा.

तरुणपणी एका उन्हाळ्यात लेआर्कोला बापाने तांबडी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी घेऊन दिली होती. त्या साऱ्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी नीवेस बसलेली गावाने पाहिली होती. एर्मेस तेव्हा पेट्रोल पंपावर कामाला होता. एकदा त्याने त्या गाडीची काच पुसली. काचेपलीकडे नीवेस, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेला, आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे लेआर्को बोलोन्याला निघून गेला. दोन वर्षांनी नीवेसने एर्मेसशी लग्न केलं. गावात कुणी काही बोललं नाही, पण एर्मेसच्या डोक्यातली ती काच काही केल्या पुसली जाईना.

आणि आता, केस पांढरे झाल्यावर, बाप गेल्यावर, लेआर्को दुकान चालवायला गावी परतला. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याने तीच गाडी खडखडत गॅरेजच्या दारात आणून उभी केली.

"एर्मेस, अरे बघ रे जरा! क्लचचं पेडल म्हाताऱ्याच्या दातासारखं हलतंय. दाबलं की बाजूला झुकतं, ब्रेकला घासतं."

"ठेवून जा, दोत्तोरे. बघतो."

"साहेबासारखं दोत्तोरे काय म्हणतोस? एका शाळेत होतो आपण."

"तुम्ही पुढच्या बाकावर होता," एर्मेस म्हणाला.

लेआर्को हसला. निघता निघता त्याने विचारलं, "नीवेस बरी आहे ना?"

"तिला काय होणार आहे?" एर्मेस म्हणाला, आणि हातातला पाना उगाचच पुसत बसला.

थोड्या वेळाने तो कॉफी प्यायला गेला तर बारवाली झीता गल्ल्यावरूनच ओरडली, "काय रे एर्मेस, तुझ्या सवतीची गाडी घरात घेतलीस म्हणे!" पत्ते खेळणारे सगळे फिदीफिदी हसले. एर्मेसने कॉफी तशीच टाकली आणि परत आला.

गाडीची सीट मागे सरकवून तो उताणा पडला, डोकं पेडलांखाली आणि पाय दाराबाहेर. खीळ काढली, वॉशर निघाली, पेडलचा दांडा बाहेर ओढला. पेडल ज्या पितळी कडीत, बुशात, फिरतं ते बुश झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. पेडलला पुढच्या सळीशी जोडणारी पिन मधोमध खाल्ली गेली होती, बारीक कंबर आल्यासारखी. ती पिन ज्या भोकात बसते ते भोक गोल राहिलं नव्हतं, त्याचं अंडं झालं होतं. सोपं काम होतं. पितळी बुश लेथवर कातायचं, भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडायचं, नवी पिन घालायची.

एर्मेस ते सगळं हातात घेऊन बराच वेळ बसला. इतकं झिजेपर्यंत कुणी कुणाला कुठे कुठे फिरवलं असेल? त्या कोमाक्क्योच्या किनाऱ्यावर? डोंगरात? शेजारी बसून ती हसत असेल, रुमाल वाऱ्यावर उडत असेल. आणि आता ही गाडी आपण ठाकठीक करून द्यायची, म्हणजे तो पुन्हा मिरवायला मोकळा!

मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. जुनं बुश अर्धं फिरवून झिजलेली बाजू वर घेतली, जाड ग्रीस थापलं, तीच पिन उलटी करून घातली आणि सगळं होतं तसं जोडून टाकलं. पेडल गप्प झालं. महिनाभर गप्प राहिलं असतं. मग एखाद्या चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, दोत्तोरेसाहेबांच्या पायाखाली लटकलं असतं. ते चित्र डोळ्यांपुढे आणून एर्मेसला गार वाटलं.

तेवढ्यात नीवेस जेवायला बोलवायला आली.

"आलीच आहेस तर बस आत," तो म्हणाला. "मी पुढून सळी बघतो, तू क्लच दाब."

नीवेसने चपला बाहेर काढल्या आणि अनवाणीच आत बसली. पेडल दाबलं. सोडलं. पुन्हा अर्धंच दाबलं आणि पाय तिथेच धरून ठेवला.

"हे नीट झालेलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज नाही, पण अजून बाजूला लचकतंय. पिनपण सैल आहे. पाय ठेवला की आधी पोकळ लागतं, मग पकडतं. तू नवीन काही घातलंच नाहीस."

एर्मेस बॉनेटमागून हळूच सरळ झाला. "तुला काय कळतं?"

"मला नाही, माझ्या पायाला कळतं. ही गाडी मी चालवलीय."

एर्मेस बॉनेट सोडून दाराशी आला.

"चालवलीस म्हणजे?"

"चालवली म्हणजे चालवली. पूल ओलांडेपर्यंत मी शेजारी बसायचे, लोक बघतात म्हणून. पूल गेला की आम्ही जागा बदलायचो. लेआर्कोला गाडीची भीती वाटायची रे! वळण आलं की डोळे मिटायचा. बापाने हौसेने घेऊन दिली, आता नको कसं म्हणणार? मी मामाच्या ट्रॅक्टरवर शिकले होते. आख्खा उन्हाळा मी चालवली आणि तो शेजारी सीटला घट्ट धरून बसायचा."

"आणि... बाकी?"

"बाकी काय? एकदा लग्नाचं विचारलं त्याने. मी म्हटलं, नुसती गाडी देतोस का? बिचारा रडला."

एर्मेसला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मला इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू नुसता फुगून बसायचास, मी आपली समजायचे की पोट बिघडलंय." मग तिचा आवाज बदलला. "आणि लग्नानंतर मी आपल्या गाडीची किल्ली मागितली, तेव्हा काय म्हणालास, आठवतंय? 'मी आहे ना तुला न्यायला.' पुन्हा मागितली तरी तेच. मग मी सोडून दिलं."

तिने चपला घातल्या. दाराशी थांबून म्हणाली, "तोर्तेल्ली ताटात गार झाले. आणि हे पुन्हा खोल. असलं काम तुला शोभत नाही."

जेवण कसंबसं उरकून एर्मेस गॅरेजमध्ये परतला. दुपारीच त्याने पेडल पुन्हा उतरवलं. लेथवर बुश कातताना त्याच्या मनात येत होतं, इतकी वर्षं आपण एका माणसावर जळलो आणि तो माणूस तर डोळे मिटून बसला होता. मग सुटका वाटायला हवी. पण जळणं गेलंच नाही, ते नुसतं लेआर्कोवरून उठून गाडीवर जाऊन बसलं. त्याने भोक भरलं, बरोबर मधोमध पाडलं, नवी पिन अंगठ्याने ढकलली तशी ती सरळ आत गेली. पेडल बोटाने दाबलं तर कुठे लचक नाही, कुठे पोकळ नाही.

त्याने तांबड्या गाडीची किल्ली नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. "बघून ये."

"एकटी?"

"मी आलो तर वळणावर ओरडेन."

ती गेली. एर्मेस फाटकाशी उभा राहिला. पुलावर गिअर बदलल्याचा आवाज आला, स्वच्छ, एकही खरखर नाही. मग पलीकडच्या भाताच्या शेतांकडे आवाज विरत गेला. ती खूप वेळाने परत आली. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि तोंडावर असं काही की एर्मेसने मान फिरवली. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. पिवळ्या रुमालाच्या दिवशी कदाचित असेल, पण तेव्हा त्याने नुसती काच पाहिली होती.

"छान झालंय," ती म्हणाली. तिच्या पाववाल्याशी बोलण्यापेक्षाही त्याला ते जास्त लागलं.

संध्याकाळी लेआर्को आला. पेडल दाबून म्हणाला, "वा! चालवून बघितलीस का रे?"

"नीवेसने बघितली."

लेआर्को कानापर्यंत लाल झाला. मग खुर्चीवर बसून पोट धरून हसायला लागला. "सांगितलं का तिने! देवा, किती वर्षं मला धाक होता, हे गावात फुटलं तर मी संपलो." डोळे पुसून तो म्हणाला, "मग ऐक. जूनमध्ये आबेतोनेच्या घाटात जुन्या गाड्यांची चढाई आहे. माझं नाव दिलंय मूर्खपणाने." दारात आलेल्या नीवेसकडे तो वळला. "नीवेस, तू चालव ना. मी शेजारी बसतो."

"शेजारी मी बसणार," एर्मेस म्हणाला, इतक्या मोठ्याने की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"बस बाबा," लेआर्को म्हणाला. "मी सुटलो म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावतो."

जूनमध्ये त्या दोघांनी घाट चढला. नीवेस प्रत्येक वळणाला गाडी अशी घालायची की एर्मेस सीटला घट्ट धरून बसायचा. त्याने दोनदा डोळे मिटले आणि त्याला लेआर्कोची पहिल्यांदाच दया आली. माथ्यावर पोचल्यावर तो दार उघडून थेट गवतात गेला आणि सकाळचं सगळं ओकून मोकळा झाला. मान वर केली तर लुक्काचा एक मिशाळ माणूस तांबड्या गाडीवर हात टेकून नीवेसला विचारत होता, ती खालच्या दोन वळणांना गिअर कुठला घालते. आणि ती हातवारे करून सांगत होती, भरभरून.

एर्मेसने तोंड पुसलं आणि तिकडे चालू लागला. मध्ये शिरून तो म्हणाला, "दुसरा. दुसरा गिअर घालते ती. पेडल मी केलंय."