ओकाच्या सालीतली वाघळं

त्या दिवशी अमेरिकेत, कॅरी गावातल्या मुलाच्या घरामागे आम्ही चौघीच होतो. मी, सून, आठ वर्षांची नात आणि शेजारची ऑस्ट्रेलियाची बाई. वटपौर्णिमा होती, मुलगा ऑफिसात.

मागचा ओक अर्धा वाळलेला. त्याच्या सालीखाली वाघळं राहायची, अंगठ्याएवढी. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी झाड तोडायला माणूस येणार होता. सुनेनेच सांगितला होता.

माझा नवरा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. आमच्या कोकणात वाघळं काजूचं बोंडू वडावर नेतात, गर खातात, बी खाली टाकतात. ती बी कुणाचीच नसते. उजाडलं की मी जाऊन वेचायची. चप्पल नव्हती, साप होते. रडून काय होणार, वाकायचं आणि वेचायचं. ती विकून पोर शिकलं.

शेजारणीने फोनवर तिच्या देशातली वाघळं दाखवली. हुबेहूब आमच्या गावची, मोठी, कोल्ह्याच्या तोंडाची. ती इंग्रजीत बोलली, नातीने मला सांगितलं, "आजी, तिकडे जंगल कट केलं, म्हणून ती गावात आली. खूप हीट झाली की झाडावरून पडतात. आंटी त्यांच्या बेबीजना बाटलीने दूध द्यायची." मी त्या बाईचा हात धरून बसले आणि सुनेला म्हटलं, झाड राहू दे.

सून म्हणाली, "आई, झाड घरावर पडलं तर?"

"वरच्या फांद्या काढ. खोडाने काय केलंय?"

"बघू."

दरवर्षी सून वडाऐवजी कुंडीतल्या फांदीला सूत गुंडाळायची. मी म्हटलं, "यंदा ओकाला फेरे घाल."

"वाळलंय हो ते."

"अर्धं हिरवं आहे. तुझा नवरा तरी कुठे पुरता हिरवा राहिलाय."

हसत हसत उठली. पुढे सून, मागे नात, तिच्यामागे शेजारीण. मी विधवा, लांब खुर्चीवर बसून फेरे मोजले. सात झाले आणि सून थबकली.

"आई, पुजलेलं झाड उद्या तोडू कशी?"

"मला काय विचारतेस."

"मुद्दाम केलंत तुम्ही."

 तिने तिथेच फोन लावून उद्याचं कॅन्सल केलं. पिल्लं उडाल्यावर या, म्हणाली, नुसत्या फांद्या काढायला. नात नाचली, शेजारणीने मला मिठी मारली. एवढी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

तुमच्याकडे झाड तोडायचं असेल तर आधी एका संध्याकाळी त्याच्याखाली उभं राहून बघा. वाघळं निघाली तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.